पटावरचं नाव

निवृत्तीच्या समारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तारीख ३१ मे २०१९. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरं शिकवली, आता सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न होता. तो प्रश्न तीन आठवडेच टिकला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, पोरगं झोपंना. आज नववा दिस हाय. तू ये."

त्या उन्हाळ्यात आमच्या माण तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं. म्हसवडच्या बाजूला चारा छावण्या लागल्या होत्या. भाऊ दोन म्हशी आणि एक खोंड घेऊन तीन महिने छावणीतच मुक्कामाला होता. घरी वहिनी आणि पोरगा. पोरगा नववीला अठ्ठ्याहत्तर टक्के घेऊन दहावीत गेलेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला अजून गावात राहायचंय, उद्या लग्नकार्य व्हायचंय.

मी पोचलो तेव्हा तो माळवदावर बसला होता. डोळे तांबारलेले, ओठ फुटलेले. मला म्हणाला, "आण्णा, देवळाच्या भोंग्यावरनं माझं नाव घेत्यात. दिवसरात्र. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

देवळाचा भोंगा महिनाभर बंद होता. वीजबिल थकलं होतं.

देवरुषी होऊन गेला होता. दंडात ताईत होता, उंबऱ्यावर लिंबू होतं. मी काही बोललो नाही. मी स्वतः मास्तर असलो तरी मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरणीनं मात्र पाच मिनिटांत सांगितलं, "हा आजार आहे, काका. औषध आहे त्याला. उशीर करू नका." तिनं चिठ्ठी दिली आणि आम्ही जीप करून मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात गेलो. कुठलं, ते सांगत नाही. गावाकडं त्याला एकच शब्द आहे, आणि तो शब्द ऐकला की सोयरीक मोडते.

दोन डॉक्टरांनी त्याला वेगवेगळं तपासलं. मग मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. पोरगा अठराच्या आतला, म्हणून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याला मोठ्या माणसांत ठेवता येत नाही. वेगळा कक्ष लागतो. दाखल केल्याचं बहात्तर तासांत मंडळाला कळवावं लागतं. आणि घरचं एक माणूस, किंवा घरच्यांनी नेमलेलं कुणीतरी, पूर्ण मुक्काम त्याच्याजवळ राहिलं पाहिजे.

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. छावणीत जनावरं होती. वहिनीला त्या कक्षात राहता येणार नव्हतं.

"मी राहतो," म्हणालो. "मला आता शाळा कुठाय?"

मुलांचा कक्ष म्हणजे एक लांबट खोली, आठ खाटा, जाळीच्या खिडक्या आणि बाहेर एक मोठा चिंचेचा वृक्ष. त्या वेळी तिथं पाच मुलं होती. कामाची पाळी बदलली की नवीन आलेले मामा दारात उभे राहून बोटानं मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. आकडा वहीत लिहायचे, सही करायचे. बरोबरच होतं ते. एखादं पोर कमी भरलं तर जबाबदारी त्यांची. पण चौतीस वर्षं हजेरी घेतलेल्या माझ्या कानाला ते खटकायचं. मोजणी होत होती, नाव कुणी घेत नव्हतं.

पहिले दहा दिवस पोरगा नुसता झोपला. जेवायला उठायचा, दोन घास खायचा, परत आडवा. मला भीती वाटली, हे औषध त्याला कायमचं असंच करून टाकणार. सिस्टर म्हणाल्या, "गुरुजी, नऊ दिवसांची झोप राहिलीय त्याची. फेडू दे."

अकराव्या दिवशी तो उशापाशी बसून म्हणाला, "आण्णा, शाळा सुरू झाली आसंल."

बास. माझ्यातला मास्तर जागा झाला. भावाला फोन करून दप्तर मागवलं. एसटीच्या पार्सलनं ते दोन दिवसांत आलं. सिस्टरनी माझ्यासमोर दप्तर उघडलं आणि एकेक वस्तू बाजूला काढली. कंपासपेटीतलं कर्कटक, गिरमिट, पत्र्याची पट्टी, तारेची गुंडाळीवही. "टोकदार नको, तारेचं नको," म्हणाल्या. "पेन मी देणार, मोजून परत घेणार." मग भूमितीची वर्तुळं आम्ही वाटीनं काढली. केंद्रबिंदू सापडायचा नाही. तोच प्रश्न केला: वाटीनं काढलेल्या वर्तुळाचा केंद्रबिंदू कसा शोधायचा? दोन जीवा घ्यायच्या, त्यांचे लंबदुभाजक काढायचे, ते छेदतात तिथं केंद्र. कर्कटक नाही म्हणून जीवेच्या दोन टोकांवर टोक ठेवून कागद दुमडायचा. घडी म्हणजेच लंबदुभाजक. शाळेत मी हे कधी इतकं बरं शिकवलं नव्हतं.

पण ते पुढचं. आधी मी चूक केली.

मी सकाळी आठलाच त्याला बीजगणित घेऊन बसवायचो. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी उतरलेली नसायची. हात थरथरायचा, तोंड कोरडं पडायचं, पुस्तकातली अक्षरं पुसट दिसायची. दोन चलांतली समीकरणं, जी तो नववीच्या सुट्टीतच सोडवायचा, ती आता तिसऱ्या ओळीत अडकायची. पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "अठ्ठ्याहत्तर टक्के घेतलेत ना? मग हे येईना व्हय?"

त्यानं वही माझ्या हातात दिली. फाडली नाही, फेकली नाही. नुसती दिली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. दोन दिवस जेवला नाही. रात्री पुन्हा त्याला भोंगा ऐकू यायला लागला.

डॉक्टरांनी मला बाहेर चिंचेखाली बोलावलं. वयानं माझ्या मुलाएवढे. म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडं शेती आहे ना? खांदा आलेला बैल बरा झाला की पहिल्याच दिवशी नांगराला जुंपता का?"

मी मान खाली घातली.

"शिकवणं थांबवू नका," ते म्हणाले. "ते औषधाइतकंच लागणार आहे. मनाच्या निम्म्या आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ऐन शाळेच्या वयात. आजार बरा होईस्तोवर शाळा सुटते, आणि शाळा सुटली की बरं होऊन जायचं कुठं, हा प्रश्न उरतो. पण वीस मिनिटांच्या वर नको. अकराच्या आधी नको. आणि एकट्याला नको."

एकट्याला नको, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरला. कायद्यात करमणुकीबरोबर शिक्षणाच्या सोयीचाही शब्द आहे, पण तिथं शिक्षक नव्हता. होता तो व्यवसायोपचाराचा हॉल, जिथं मोठी माणसं खडू आणि कागदाची पाकिटं करायची. सिस्टरनी दुपारी चारनंतर तो आम्हाला मिळवून दिला. मुलांच्या कक्षातली पाच आणि मुलींच्या बाजूच्या दोघी. मुलींबरोबर त्यांच्या घरच्या बाया. एक आज्जी शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकायची. सिस्टर दारापाशी खुर्ची टाकून.

मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर रेघा मारल्या. सात नावं लिहिली. अनुक्रमांक, नाव, इयत्ता, तारखा. आणि हजेरी घ्यायला लागलो.

पहिल्या दिवशी पुतण्याचं नाव पुकारलं आणि तो दचकला. दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या लक्षात आलं, या पोराला महिनाभर कुणीतरी न दिसणारं नावानं हाका मारतंय, आणि मी वर्गाच्या पल्ल्याच्या आवाजात त्याचं नाव घेतलं. मी उठलो, त्याच्या समोर जाऊन बसलो आणि वही त्याच्यापुढं धरली.

"हे बघ. हितं लिहिलंय. हे वाचून मी हाक मारली."

तो नावावर बोट ठेवून बघत राहिला. "म्हंजी आत्ता तुमीच मारली?"

"मीच. माझ्या तोंडाकडं बघ, परत मारतो."

परत मारली. त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं. हळूच म्हणाला, "हजर."

नंतर रोज तो तसंच करायचा. आधी वही, मग माझं तोंड, मग हजर. तीन आठवड्यांनी वहीकडं न बघता म्हणायला लागला. औषधानं आवाज मागं हटले, हे मी जाणतो. त्याचं श्रेय मास्तरानं घेऊ नये. पण आवाज हटल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत काहीतरी यावं लागतं. त्याच्या बाबतीत तिथं त्याचं स्वतःचं नाव आलं.

सात पोरं आणि इयत्ता पाच. शाळेत बहुवर्ग अध्यापन केलेल्या मास्तराला त्याचं काही वाटत नाही. पण पाठ्यक्रम कुठून धरायचा? मी दहावीचा भूगोल धरला. ते पुस्तक आदल्या वर्षीच नवीन आलेलं, आख्खं पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना. आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेट. कुठं जायचं ते ठरवा, प्रश्नावली करा, विचारा, लिहून आणा, अहवाल करा.

पोरांना बाहेर सोडत नव्हते. मग आतच क्षेत्रभेट काढली. एक दिवस स्वयंपाकघर, एक दिवस धुलाईघर, एक दिवस बाग. आठवड्याला एक, सिस्टर आणि दोन मामा बरोबर. प्रश्नावली पोरांनीच केली. भात कशात शिजतो? पहाटे किती वाजता शेगडी पेटते? आजारी माणसाला तिखट का देत नाहीत? एका मुलानं, जो तोवर कुणाशी शब्द बोलला नव्हता, स्वयंपाक्याला विचारलं, "तुमी इथंच जेवता का घरी?" स्वयंपाकी हसला, म्हणाला, "इथंच की. तुमच्यातलंच." त्या मुलानं ते उत्तर लिहून घेतलं. अहवाल पुतण्यानं लिहिला. अक्षर थरथरलेलं, ओळी खालीवर, पण दीड पान. मी लाल शाईनं एकही खूण केली नाही. नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

मग हवामानाचा पाठ आला. ब्राझीलच्या ईशान्येला एक मुलूख आहे. समुद्राकडून येणारे वारे अजस्र कड्याला अडतात, पाऊस अलीकडंच पडतो, पलीकडं पर्जन्यछाया. पुस्तकात त्या भागाला अवर्षण चतुष्कोन म्हटलंय. मी फळ्यावर उभा कडा काढला, वाऱ्याचे बाण काढले. पुतण्या एकदम म्हणाला, "आण्णा, ह्ये तर आपलं माण!"

"कसं काय? सांग बघू सगळ्यांना."

तो उठला. महिन्याभरात पहिल्यांदा वर्गात उठून उभा राहिला. खडू घेतला. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर, तेही झाला तर. सह्याद्री आडवा येतो. ढग डोक्यावरनं जातात, रिकामे. मग त्यानं छावणीचं सांगितलं. बाप तिकडं, जनावरं तिकडं, टँकर आला की आई हंडा घेऊन पळायची. रात्री घरात तो एकटा जागा. सांगता सांगता थांबला, म्हणाला, "तवाच चालू झालं बहुतेक."

कुणी काही बोललं नाही. मागनं आज्जी म्हणाली, "आमच्याकडं उलटं बाबा. पावसानं घर पडलं, तवापास्नं हिला भ्या बसलं." आणि नातीच्या पाठीवरनं हात फिरवला.

ती नात सोळा वर्षांची. हजेरीच्या वहीत इयत्ता लिहिताना मी तिला विचारलं होतं, कितवीत आहेस? म्हणाली होती, "सातवीत होते गुरुजी. मग मला फिट्स आल्यागत व्हायचं, वर्गात रडायचे. बाईंनी नाव कमी केलं."

माझा पेन तिथंच थांबला होता.

कारण ते वाक्य मी लिहिलेलं आहे. १९९४ साली, एका वाडीवरच्या शाळेत. चौथीतली मुलगी, हुशार, पाढे तोंडपाठ. एकाएकी वर्गात हातवारे करायला लागली, मध्येच उठून दाराशी जाऊन कुणाशी तरी बोलायची. इतर पोरं घाबरली. पालक येऊन म्हणाले, तिच्या अंगात येतंय, आमची पोरं तिच्याशेजारी बसवू नका. मग ती यायचीच बंद झाली. मी एकदा घरी गेलो. तिची आई म्हणाली, "गुरुजी, राहू द्या आता." आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. वर्ग शांत झाला होता. वर्षाअखेरीस जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणापुढं मी लिहिलं: सतत गैरहजर, नाव कमी केले. सही केली. पंचवीस वर्षांत त्याचा एकदाही विचार केला नव्हता.

त्या रात्री पुतण्याच्या खाटेशेजारी सतरंजीवर पडून मी तो विचार केला.

मुक्काम चव्वेचाळीस दिवसांचा झाला. महिना उलटल्यावर परत मंडळाला कळवावं लागलं, परत तपासणी झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी मिळाली. सांगली-कोल्हापूरला पूर आलेला आणि आमच्याकडं अजून टँकर चालू. गोळ्या रोज रात्री, महिन्याला तपासणी, जागरण बिलकूल नको, अशी तंबी घेऊन आम्ही गावी आलो.

त्याच्या हायस्कुलात मी आणि भाऊ गेलो. मुख्याध्यापक चांगलं बोलले, चहा मागवला. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आपल्यातलेच. बोर्डाचं वर्ष आहे, शाळेचा निकाल आहे. आणि इतर पालकही विचारतात. त्यापेक्षा दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरीच अभ्यास करील, बाहेरून बसेल. त्याच्याच सोयीचं."

भाऊ मान हलवायला लागला. गरीब माणूस खुर्चीपुढं लवकर मान हलवतो.

मी म्हणालो, "सर, हेच मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं. असंच, सोयीचं म्हणून." आणि त्या वाडीवरच्या मुलीचं सगळं सांगितलं. भांडायला गेलो नव्हतो, भांडलो नाही. डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला, त्यात पोरगा शाळेत जाण्यास योग्य असं लिहिलं होतं. मग हजेरीची वही ठेवली. "तो तिथंही शाळेतच होता. चोवीस दिवस हजर आहे. बघा."

ते वही चाळत राहिले. तेवढ्यात त्याच्या वर्गशिक्षिका बाई कसल्यातरी सहीसाठी आत आल्या. साहेबांनी त्यांना विचारलं, बाईंनी एकदा त्यांच्याकडं आणि एकदा आमच्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "सर, नाव पटावरच आहे. आजारी म्हणून नोंद केलीय मी. उद्यापासून येऊ दे की."

साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येऊ दे."

पहिला महिना त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. डबा एकटा खायचा. एकदा घरी येऊन म्हणाला, "हास्पिटलातला वर्ग बरा व्हता." बाईंनी मग युक्ती केली: ब्राझीलचा पाठ त्यालाच वर्गाला समजावून सांगायला लावला. पोरांना अवर्षण चतुष्कोन कळला, आणि तो पोरांना कळला. दिवाळीनंतर शेजारी एक जण बसायला लागला. एकच, पण बसला.

२०२० च्या मार्चमध्ये त्यानं बोर्डाचे पेपर दिले. शेवटचा पेपर भूगोलाचा, २३ मार्चला. कोरोना आला, पेपर आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला; इतर विषयांच्या सरासरीनं मार्क मिळाले. सगळी पोरं नाचली. हा एकटा बांधावर चेहरा पाडून बसला. "आण्णा, तेवढाच तर पक्का केलता."

एकसष्ट टक्के पडले. गावात म्हणाले, पोरगं घसरलं. आम्ही घरी पुरणपोळी केली.

पुढं त्यानं आयटीआय केलं. मध्ये एकदा स्वतःच्या मनानं गोळ्या बंद केल्या तेव्हा दुखणं उलटलं, पण त्या वेळी देवरुष्याकडं कुणी गेलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. आता तालुक्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. रात्री नऊला गोळी, दहाला झोप.

त्या आज्जीच्या नातीला मी सातवी-आठवीची पुस्तकं पोस्टानं पाठवली होती. उत्तर आलं नाही. पोचली असतील, असं धरून चालतो.

त्या वाडीवरच्या शाळेतही जाऊन आलो. तिथल्या मास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. माझंच अक्षर, माझीच सही. शाई जरा फिकी झाली होती. त्या मुलीचं घर पडलेलं होतं. माणसं कधीच मुंबईला गेली, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक. जनरल रजिस्टरमधली नोंद खोडता येत नाही, ते चांगलंच आहे. ते आपलं आपल्याला वाचायला ठेवलेलं असतं.

लॉकडाऊन उठल्यावर मी रुग्णालयाला अर्ज केला आणि परवानगी मिळवली. महिन्यातले दोन बुधवार जातो. पहाटेची एसटी, पिशवीत जुनी पाठ्यपुस्तकं, तार नसलेल्या वह्या आणि एक वाटी. दारावरचे मामा आता ओळखतात, तरी पिशवी तपासतातच. हॉलमध्ये कधी चार पोरं असतात, कधी नऊ. एकदा एकच होतं, तेही झोपेला आलेलं. मी वही उघडतो, नवीन नावं लिहून घेतो, इयत्ता विचारतो. मग ज्याचं नाव घ्यायचं त्याच्या समोर जाऊन, त्याला माझं तोंड दिसेल असं बसून, हळू आवाजात हजेरी घेतो.